बिब्बा आणि सुई

आता मी शिरूरला घरीच असते. पेन्शन येते, गुडघे कुरकुरतात, नातवंडं सुट्टीत येऊन घर डोक्यावर घेतात. पण अजूनही एसटीत शेजारी एखादी बाई बसली आणि तिच्या टाचेवर काळा ठिपका दिसला, की माझी नजर त्या ठिपक्याच्या कडेला जाते. कडेला लाली आहे का, पुरळ आहे का, खाजवल्याच्या खुणा आहेत का? नसल्या तर मी खिडकीबाहेर बघते. असल्या तर माझं गाव येईपर्यंत त्या बाईची सुटका नसते. मुलगा म्हणतो, "आई, तू रिटायर झालीस ना?" झाले की. पण डोळ्यांना कुणी निरोप समारंभ केला नाही.

मी आरोग्य सेविका होते. कागदावर तसं, गावात मात्र शिस्टर, नर्सबाई, नुसतं बाई, आणि लोक रागावले की ‘ती सुईवाली’. ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. उपकेंद्र म्हणजे एक खोली, एक टेबल, एक कपाट आणि एक स्टोव्ह. स्टोव्ह चहासाठी नाही, सिरिंजा आणि सुया वाफेवर शिजवायला. तेव्हा काचेच्या सिरिंजा असत आणि त्या पुन्हा पुन्हा वापरायच्या असत. चार-पाच गावं आणि त्यांच्या वस्त्या एका बाईकडे. गरोदर बायका, बाळंतपणं, बाळांच्या लसी, तापाच्या गोळ्या, सगळं तिनेच बघायचं. डॉक्टर मोठ्या केंद्रात. तिथून माणसाच्या उंबऱ्यापर्यंतचा रस्ता माझा.

शिरूरच्या आमच्या वस्तीतून सरकारी नोकरीला लागलेली मी पहिली मुलगी. आईने नेमणुकीचा कागद आठवडाभर बुद्धमूर्तीपुढे ठेवला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचायला लावला होता. पुढे नोकरीत अशीही घरं भेटली, जिथे माझ्या हातचं पाणी चालत नसे, पण हातची सुई चालायची. मी मनात म्हणायचे, असू दे, सुईपासून सुरुवात होऊ दे. ती झालीही, त्याचा मला अभिमान आहे.

आता बिब्बा. काळं, चपटं, अंगठ्याच्या नखाएवढं फळ. कवचात काळं, चिकट तेल. दाभणाला टोचून दिव्यावर धरलं की तेल सुटतं, आणि ते गरम गरम लावायचं. काटा मोडला, लाव बिब्बा. टाचेला भेगा पडल्या, लाव बिब्बा. सूज आली, सुजेभोवती बिब्ब्याच्या फुल्या काढ. आतली गोडंबी काढून बाळंतिणीच्या लाडवात घाल. बाजारात सुया-दाभण विकणाऱ्या बायका बसत, त्यांच्या टोपलीत बिब्बे असायचेच. आमच्याही घरात मिठाच्या बरणीमागे डबी होती आणि माझ्या आईच्या दोन्ही टाचा काळ्याच होत्या. तिला कधी काही झालं नाही. बिब्ब्याची सगळी गोम इथेच आहे. एकाच घरात सासू चाळीस वर्षं बिब्बे फोडते आणि तिच्या बोटाला काही होत नाही, आणि सुनेला नुसता वास लागला तरी तोंड सुजतं. त्याला आपल्याकडे ‘बिब्बा उतला’ म्हणतात.

ते मला कसं कळलं, ते सांगायला आजही लाज वाटते.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. माझी पहिली नेमणूक निमोण्याच्या बाजूला. ट्रेनिंगमधून नुकतीच आलेली, पांढरी साडी कडक इस्त्रीची आणि डोकं त्याहून कडक. एका सकाळी एका घरात गेले तर नवी सून भिंतीकडे तोंड करून बसलेली. चेहरा भोपळ्यासारखा सुजलेला, डोळे बंद, गालावर पाण्याने भरलेले फोड. "काय झालं?" मी विचारलं. सासू हौसाबाई म्हणाली, "काल चुलीपाशी बसली व्हती, आन् आज असं झालं."

चूल म्हटल्यावर माझ्या डोक्यात जाळ झाला. पोरीला भाजलंय, आणि हिनेच भाजलंय! मी अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात हौसाबाईला फैलावर घेतलं. पोलीस पाटलाला बोलवा म्हटलं. ती बिचारी "अवो बाई, आयका तरी" म्हणत राहिली आणि मी तिला ऐकवत राहिले. पोरीला बैलगाडीत घालून डॉक्टरसाहेबांकडे नेलं. त्यांनी दोन मिनिटं बघितलं आणि विचारलं, "घरात बिब्बे फोडले का कुणी?"

फोडले होते. हौसाबाईने लेकीच्या बाळंतपणासाठी गोडंबी काढली होती आणि टरफलं चुलीत टाकली होती. सून चुलीपुढे भाकरी थापत होती. टरफलांचा धूर तोंडावर आला आणि दुसऱ्या दिवशी उतला. भाजलेलं नव्हतंच. भाजलं असतं तर एका बाजूला भाजलं असतं, आणि सांडल्यासारखं ओघळलं असतं. हिच्या पापण्यांवर, कानाच्या पाळ्यांवर, गळ्यावर, जिथे जिथे धूर बसला तिथे तिथे सारखं उठलं होतं. हे मी बघायला हवं होतं. मी आधी तोंड उघडलं होतं.

हौसाबाईच्या दारात जाऊन मी माफी मागितली. तीही आळीला ऐकू जाईल अशाच आवाजात, कारण शिव्या तशा दिल्या होत्या. ती म्हणाली, "बसा." पण चहाला काही विचारलं नाही. पुढे दीड वर्ष विचारलं नाही.

डॉक्टरसाहेबांनी मला समजावून सांगितलं होतं. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की काहींचं शरीर ते लक्षात ठेवतं. पहिल्या खेपेला काही होत नाही. पुन्हा लागलं की मात्र ते खवळतं. आधी खाज, मग लाली, मग पाण्याचे फोड, आणि हे सगळं लगेच नाही तर एक ते तीन दिवसांनी. म्हणून तर कुणाला बिब्ब्याची आठवण राहत नाही. लोकांना वाटतं पित्त उठलं, नजर लागली, देवीचं काहीतरी झालं. लहान बाळांची तर कातडीच इतकी नाजूक की तेल सरळ पोळतं. डॉक्टरसाहेब बोलत असताना मला अर्धंमुर्धं पटत होतं. मग मी घरी येऊन डबीतला एक बिब्बा फोडून बघितला. काही झालं नाही. काही महिन्यांनी पुन्हा एक फोडला, आणि तिसऱ्या दिवशी माझी दोन बोटं सुजून गवारीच्या शेंगांची गाजरं झाली. त्यावरून एवढं कळलं की मी आईवर गेलेले नाही, माझ्या अंगावर बिब्बा उततो.

मग मी माझी एक वही केली. सरकारने सांगितलेली नाही, माझी स्वतःची. कुणाला बिब्बा उतला, कुठे, कशाने, किती दिवसांनी. तपासायची पद्धतही बसवली. फोड दिसले की आधी मधे काळा डाग शोधायचा. मग विचारायचं, "काय लावलं?" हा प्रश्न कामाचा नाही, कारण उत्तर नेहमी "कायबी न्हाई" येतं. बिब्बा लावणं हे औषध लावण्यात कुणी धरतच नाही. म्हणून विचारायचं, "तीन दिवसांमागं काटा मोडला होता का? सूज होती का? बाजार कवा केला?" मग बिब्बा आपोआप बाहेर येतो.

पुढे माझी बदली दौंड तालुक्यात झाली, राहूच्या पलीकडे एका वस्तीवर. भीमेचं पाणी, उसाची, भाजीची, फुलांची शेती, माणसं तालेवार. तिथला माझ्या वहीतला सगळ्यात मजेशीर माणूस म्हणजे बबन, गावोगावची माणसं भरून नेणारा वडाप जीपवाला. एका सोमवारी उपकेंद्राच्या दारात येऊन उभा. आत येईना, बाहेर जाईना.

"शिस्टर, अंगावर पित्त उठलंय."

"दाखव."

"दाखवायसारखं न्हाई."

"मग कुठं उठलंय?"

"उठलंय म्हंजी... खालच्या अंगाला."

मी विचारलं, "शनिवारी गाडीला काय बांधलंस?"

"लिंबू, मिरच्या, बिब्बा. दर शनवारी बांधतो की."

"बिब्बा दाभणानं कुणी ओवला?"

"मीच."

"आणि मग हात धुवायच्या आधी कुठं गेलास?"

बबनने डोळे मिटले. त्याला सगळं आठवलं असावं. मी त्याला आमच्या पुरुष आरोग्य सेवकाकडे धाडलं, मलम दिलं आणि चार दिवस सैल पायजम्यात राहायला सांगितलं. चार दिवस तो जीप चालवायला बसला नाही आणि सगळ्या रस्त्यावर चर्चा की बबनला झालंय काय. मी कुणाला सांगितलं नाही. हेसुद्धा आमच्या धंद्याचंच काम आहे. बबनने ते उपकार असे फेडले की पुढे बारा वर्षं माझी लसीची पेटी कुठेही अडली नाही.

याच वस्तीवर तो प्रसंग घडला. मला वाटतं, माझ्या सगळ्या नोकरीची परीक्षा त्या एका महिन्यात झाली.

शेवंताबाई म्हणून एक म्हातारी होती. झेंडूचं शेत, दोन म्हशी आणि एकुलती लेक मंदा. मंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. नवरा संजय कोरेगाव भीमाला राहायचा आणि जवळच्या कंपनीत होता. बाळंतपण मीच केलं. मुलगा झाला, छान गुटगुटीत. दीड महिन्याचा झाल्यावर मंगळवारी शाळेच्या ओसरीत मी त्याच्या मांडीला पहिली त्रिगुणी लस टोचली. त्या दिवशी ओसरीत अकरा बाळं होती, गर्दी, रडारड. मी मंदाला सांगितलं, "सूज येईल, ताप येईल. ओल्या फडक्याची घडी ठेव, ही गोळी अशी दे, चोळू नको." मंदाने मान हलवली आणि मी पुढचं बाळ घेतलं.

शनिवारी सकाळी बबन धावत आला. "बाई, चला. शेवंतामावशीच्या घरी दंगा चाललाय. तिचा जावई आलाय."

गेले तर अंगणात वीस-पंचवीस माणसं. संजय कंपनीचा शर्ट घालून उभा, डोळे लाल. आत मंदाच्या मांडीवर बाळ रडून रडून दमलेलं. मी टोचलेल्या मांडीवर तळहाताएवढी जागा फोडांनी भरली होती, काही फुटले होते आणि वर हळदीचा जाड लेप.

"बघा, काय केलंय तुम्ही!" संजय ओरडला. "रिअ‍ॅक्शन आहे ही. तुमची बॅच फॉल्टी होती का सुई घाण होती, लेखी द्या मला. केस करतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "त्या बाईचा हातच वंगाळ. म्या तवाच म्हनलं व्हतं."

हात म्हणजे कोणता हात, हे मला कळलं आणि म्हणणाऱ्यालाही कळत होतं. रागाने माझे कान तापले. पण या वेळी मी तोंड उघडलं नाही. बाळासमोर बसले. उकळून गार केलेलं पाणी मागवलं आणि हळद हळूहळू धुतली. हळद गेली. फोडांच्या मधे चार ठिकाणी काळं होतं, ते गेलं नाही. माझी सुई टोचल्याची जागा मधे, आणि चार काळे डाग तिच्या चार बाजूंना.

मग मी मंदाकडे बघितलं. तिच्या डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या खाली, लालसर पुरळ उठलं होतं. अंगावर पाजताना बाळाची मांडी जिथे टेकते, बरोबर तिथे. लस बाळाला टोचली होती, मंदाला नाही. मग मंदाच्या हातावर काय उठलं?

मी विचारलं, "मंदा, बुधवारी सूज आल्यावर काय केलंत?"

मंदाने माझ्याकडे बघितलं नाही. दाराशी बसलेल्या आईकडे बघितलं. शेवंताबाई जमिनीकडे बघत होती. मग तिने एकदाच वर बघितलं आणि मला सगळं कळलं. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते आणि ते एकमेकांत घट्ट धरले होते. लेकीच्या सासरी हे कळलं तर ते म्हणणार, तुझ्या आईने आमचं पोर पोळवलं. पहिलं बाळंतपण, नवं सासर, तापट जावई. आयुष्यभर मंदाला ते ऐकावं लागणार.

"बाळाला आधी डॉक्टरसाहेबांकडे नेऊ," मी संजयला म्हटलं. "लेखी काय द्यायचं ते नंतर. चला."

बबनच्या जीपमधून गेलो. इथल्या केंद्राचे डॉक्टरसाहेब निमोण्याकडचे नव्हेत, दुसरे. डॉक्टरसाहेबांनी बघितलं, मी मंदाचा हात दाखवला, चार डाग दाखवले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी डोळ्यांनीच म्हटलं, आत्ता नको. ते मोठे समजूतदार. बाळाला औषधं दिली, जखम बांधली, दोन दिवस ठेवून घेतलं. बाळ बरं होणार होतं. हे एकदा नक्की झाल्यावर मी केंद्राच्या पायरीवर बसून दोन कप चहा प्यायले.

रविवारी मी बाकीच्या दहा बाळांची घरं पालथी घातली. त्याच बाटलीतली लस, एकाच वेळी शिजवलेल्या सुया. एकाही बाळाला फोड नव्हते. पण एकाही घरात मला आत बोलावलं नाही. बायका बाळं घेऊन दारातच उभ्या राहिल्या. एक तरणी पोरगी म्हणाली, "बाई, म्होरल्या मंगळवारी आमी न्हाई येनार. आत्याबाय नको म्हंत्यात." सोमवारी संजयचा अर्ज तालुक्याला गेला. चौकशी लागली असती तर मी सगळं सांगून पाच मिनिटांत सुटले असते. नुसतं म्हणायचं होतं, शेवंताबाईला विचारा.

मी ते म्हटलं नाही. लोकांना वाटेल मोठेपणा, पण खरं कारण वेगळं होतं. चूक माझीही होती. मी मंदाला सांगितलं आणि पुढे गेले. त्या घरात मंदाचं काय चालत होतं? बाळाला काय लावायचं, काय पाजायचं, ते शेवंताबाई ठरवायची. दहा वर्षं नोकरी केलेल्या बाईला एवढं कळायला हवं होतं की घरात ज्याचं चालतं त्याला सांगायचं. म्हातारी त्या दिवशी ओसरीच्या पायरीवर बसली होती, माझ्यापासून चार हातांवर. मी तिला एक शब्द सांगितला नव्हता. नातवाची मांडी सुजली, तिला तिच्या आईने शिकवलेलं तेच तिने प्रेमाने केलं.

सरपंचांनी बुधवारी शाळेच्या ओसरीत सगळ्यांना बोलावलं. संजय रजा टाकून आला होता. वस्ती जमली. बायका एका बाजूला, त्यात मागे शेवंताबाई. सरपंच म्हणाले, "बोला बाई, तुमचं काय म्हननं हाय?"

मी म्हटलं, "बाळाला जे झालं, ते बिब्ब्यानं झालं. सुईनं नाही."

एकच गलका. "बिब्ब्यानं? आवो, बिब्बा औशिद हाय!" "आमच्या आज्यापास्नं लावत्यात!" संजय म्हणाला, "कुणी लावला मग? नाव सांगा."

"कुणी लावला ते मला माहीत नाही," मी खोटं बोलले, चांगल्या खणखणीत आवाजात. "आणि विचारायचंही नाही. कुणाच्या घरी बिब्बा आहे?"

सगळ्यांच्याच घरी होता. एक बाई पळत जाऊन दाभण, दिवा आणि बिब्बा घेऊन आली. मी घड्याळ काढलं, डाव्या हाताची कातडी सगळ्यांना दाखवली. कोरी करकरीत. म्हटलं, "इथं सुई टोचलेली नाही. नीट बघून घ्या." बिब्बा दाभणाला लावला, दिव्यावर धरला, काळं तेल सुटलं, आणि मनगटाच्या वर तशाच चार फुल्या काढल्या. चटका बसला तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, पण कुतूहलाने बघणाऱ्यांना ते दिसू दिलं नाही. "शनिवारी याच वेळेला इथं या. माझ्या हाताला काही झालं नाही तर मी स्वतः लिहून देईन की माझी सुई घाण होती."

बबन मागून म्हणाला, "शनवारपत्तुर थांबायची गरज न्हाई. बिब्बा काय करतो त्ये म्या सांगतो." मग त्याला कळलं की पुढचं सांगता येणार नाही. तो खाली बसला आणि लोक उगाचच हसले.

शनिवारी माझा हात कोपरापर्यंत सुजला होता. चार फुल्यांचं एकच मैदान झालं होतं आणि त्यावर फोड. मी पदर बाजूला करून हात टेबलावर ठेवला आणि एकेकाला जवळून बघायला लावलं. बाळाच्या मांडीवर होतं तेच, तसंच. संजयने वाकून नीट बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, दवाखान्यात चला." अर्ज त्याने सोमवारी परत घेतला. डॉक्टरसाहेबांनी मात्र मला फैलावर घेतलं. "खुळ्या आहात का तुम्ही? हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "हौसाबाईनं." आळीसमोर झालेलं आळीसमोरच निस्तरायचं, हे मी तिच्या दारात शिकले होते; त्यांना काही कळलं नाही.

गोष्ट इथे संपली असती तर फार छान झालं असतं. पण सुईवरचा विश्वास असा एका हाताने परत येत नाही. पुढच्या मंगळवारी ओसरीत तीन बाळं आली. दोघी आया तर बाळ पदराखाली धरून नुसतं बघून गेल्या. आळीत बोललं जात होतं की बाईचा हात बाईचा, बाळाचं काय झालं त्ये देव जाने. कारण बाळाला बिब्बा लावला कुणी, ते कुणी बोललंच नव्हतं, आणि जे कुणी केलंच नाही ते लोकांनी का मानावं? मी हे आधी ओळखायला हवं होतं. म्हातारीला वाचवताना मी माझा पुरावाच अर्धा झाकून ठेवला होता.

पहिल्या लसीला महिना झाला. त्या बाळाच्या दुसऱ्या लसीचा मंगळवार. मी ओसरीत पेटी घेऊन बसले. दहा वाजले. साडेदहा. पलीकडे हापशावर बायका भांडी घासत होत्या, काहींच्या कडेवर बाळं होती, पण ओसरी कुणी चढत नव्हतं. बर्फ वितळत होता. मी ठरवलं होतं की अकराला उठायचं आणि बदलीचा अर्ज लिहायचा.

शेवंताबाई आली. नवं लुगडं नेसलेली, कडेवर नातू. मागे मंदा आणि तिच्या मागे पिशव्या घेतलेला संजय. तो त्या दिवशी बायको-बाळाला कोरेगावला न्यायला आला होता. म्हातारी ओसरीवर चढली, हापशावरच्या सगळ्या बायकांकडे तोंड करून बसली, बाळाच्या मांडीवरचं फडकं बाजूला केलं. जुनी जागा भरून आली होती, कातडी अजून फिकी दिसत होती. तिने दुसरी मांडी पुढे केली.

"टोचा बाई," ती मोठ्याने म्हणाली. "ह्या वक्ताला म्या बिब्बा लावनार न्हाई."

हापशाचा दांडा थांबला. संजय पायरीवर होता, त्याने ऐकलं होतं. मंदाने तोंडाला पदर लावला. म्हातारी जावयाकडे बघत नव्हती, पण तिची मान ताठ होती. माझ्या हातात भरलेली सिरिंज होती. ती तशीच धरून मी संजयकडे बघितलं.

संजयने पिशव्या खाली ठेवल्या. चपला काढल्या. येऊन सासूच्या शेजारी मांडी घालून बसला आणि बाळाचा पाय दोन्ही हातांनी धरला. "आत्या, तुम्ही घट्ट धरा, हा लाथ मारतो," तो म्हणाला. "टोचा मॅडम."

मी टोचलं. बाळ बोंबललं. मग मी मंदाला नाही, शेवंताबाईला सांगू लागले, "सूज आली तर—"

"वल्लं फडकं," ती म्हणाली. "आन् चोळायचं न्हाई. ठाव हाय." आणि ती घरी गेलीच नाही. बायका एकेक करून पायऱ्या चढू लागल्या, तशी ती प्रत्येकीला नाही, प्रत्येकीच्या सासूला हाक मारून तेच सांगत बसली, आपल्या नातवाची पोळलेली मांडी उघडी करून दाखवत. दुपारी बारापर्यंत माझी पेटी रिकामी झाली आणि दुसरी लस आणायला बबनची जीप पळवावी लागली.